हत्तीला ऐकू जाणाऱ्या बांगड्या

लेकीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. जावयाची नोकरी आफ्रिकेत, झांबियात. एकदा ती म्हणाली, "श्रावणात दोघं या. इथल्या अभयारण्यात पायी फिरवतात. पुढे बंदूकवाला, मागे आपण." मी ताबडतोब हो म्हणून टाकलं. आमचे हे शेजारीच उभे होते. म्हणाले, "पायीच हिंडायचं तर आपला आंबेनळी घाट काय वाईट आहे? मी नाही येत."

"मग मी एकटी जाते," मी म्हणाले.

काय तो तोरा बाईचा! पन्नाशी उलटलेली, आणि पोलादपूरहून एकटीने गेलेली ती फक्त महाडपर्यंत. तीही एसटीत पिशवी विसरून आलेली. पण आता माघार कशी घेणार? येता का, असं यांना विचारायला जीभ उचलेना. आपणहून म्हणतील म्हणून मी वाट बघायची आणि हे पेपर वाचायचे. माझं कशात लक्ष लागेना. भात लावला की उठून कॅनव्हासचे बूट घालून ओटीवर येरझाऱ्या घालायच्या, तोवर भात करपायचा.

पुढच्या फोनवर लेकीने नियम सांगितले. बोलायचं नाही. भडक रंग नकोत, निळाही नको, त्यावर चावऱ्या माशा येतात. गजरा, अत्तर बंद. "आणि आई, अंगावर वाजेल असं काही नको. नाहीतर तू गाडीत बस, आम्ही चालून येतो."

माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या.

जवळच्याच कापडे गावात माझी मोठी जाऊ राहायची. तिला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "गो, बांगड्या काडशील? भावजी हायेत ना अजून धडधाकट? आनी हत्तीसमोर मुंडे हात घेऊन जाशील?"

घरी यांना विचारलं, तर म्हणाले, "काढ की! मी काय तुझ्या बांगड्यांवर जगतोय?"

मी स्वतःला फार पुढारलेली समजायची. पण साबणाचा हात मनगटावर फिरवला आणि तसाच धुऊन टाकला. नाही काढल्या. त्याऐवजी यांना सोबत घेऊन सराव सुरू केला. सकाळी घाटाच्या रस्त्याला लागायचं, वाटेत एक पायवाट रानात जाते तिथे शिरायचं. हे करवंदीच्या जाळीमागे बसणार, मी आवाज न करता पलीकडे जायचं.

"तुम्ही सिंह," मी म्हणाले.

"नको, हत्ती होतो. सिंहाला धावावं लागतं."

रोज माझी निम्मी वाट व्हायच्या आत जाळीमागून आवाज यायचा, "वाजल्या!" बांगड्या वर सरकवून रुमालाने आवळल्या, तर बोटं बधिर. जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, तर मोळी घेऊन येणारी एक बाई कळवळून म्हणाली, "पडलाव काय गो, दोनी हात मोडले?" हत्ती जाळीमागे खो खो हसत होता.

शेवटी जावेनेच तोड काढली. "येक येक ऱ्हाऊ दे. येकटी बांगडी कोनावर वाजेल?" इतकं साधं मला सुचलं नव्हतं. बाकीच्या उतरवून देव्हाऱ्यात ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

जाळीपाशी आले. हाक नाही. पुढे गेले, वळसा घालून यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. जिंकले! ओरडणार, तेवढ्यात हे जाळीतून उठले. पायवाट खालपर्यंत न्याहाळली. "अगं ए!" म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अगं, कुठे आहेस?" काठी तिथेच टाकून उताराकडे चार ढांगा टाकल्या.

मी वात्रट, गप्पच राहिले. पण गंमत वाटेना. यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"अहो, इथे आहे."

हे वळले. चेहरा पांढराफटक. "अशी कशी चालतेस? माणसाला कळायला नको?"

"हत्तीला कळू नये म्हणून तर."

परतताना मी मुद्दाम मागून चालत होते, आणि हे सारखे मान वळवून बघत होते.

रविवारी फोन वाजला. एरवी पेपरातून डोकं न काढणाऱ्या माणसाने झेप घालून उचलला. "हॅलो? हं, आई बरी आहे. मला सांग, तिकडे पुरुषांनी टोपी कुठल्या रंगाची आणायची?"

मी स्वयंपाकघरात पळाले. भात पुन्हा करपला होता.