गाडीचं तोंड कुठे होतं?

"दादा, पाणी कमी झालंय. अर्धा लिटर तरी. आणि खाली बघितलं तर एक थेंब नाही."

बुधवारी सकाळी लक्ष्मणचा फोन आला. तो तलासरीजवळच्या एका पाड्यावर राहतो आणि जीप चालवतो. डहाणू रोडच्या आमच्या गॅरेजमध्ये रविवारी मीच त्या जीपचा वॉटर पंप बदलला होता. हा पंप कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, आत फिरवत ठेवतो. इंजिन गार होतं तेव्हा रेडिएटरचा खालचा कॉक उघडून जुनं कूलंट काढलं आणि कॅनमध्ये बंद करून ठेवलं. ते चवीला गोड, पण विषारी असतं, आणि आमच्या गल्लीतल्या शेळ्या कशालाही तोंड लावतात. नवा पंप बसवला, नवं कूलंट काठोकाठ भरलं, गाडी सोडली.

सोमवारी तो परत हजर. चढावर टेम्परेचरचा काटा एकदम वर जातो, मग आपोआप खाली येतो. गळती नव्हती, फॅन चालू होता. माझं डोकं चालेना.

गॅरेजचे शेठ लांबूनच म्हणाले, "हेड गॅस्केट गेलं. उघडून टाक."

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली पातळ पट्टी. ती फाटली की कूलंट आतल्या आत जळतं, बाहेर काही दिसत नाही. पण हेड उघडायचं म्हणजे गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये.

लक्ष्मणचा चेहरा उतरला. "आईला गुरुवारी वापीला डायलिसिसला न्यायचंय. एसटीत तिला नाय जमणार, दादा."

मी शेठकडून दोन दिवस मागून घेतले आणि लक्ष्मणला सांगितलं, रोज सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून लेव्हल बघायची. मंगळवारी लेव्हल पूर्ण होती. बुधवारी हा फोन.

"सांगितलं होतं ना?" शेठ म्हणाले. "आता तरी उघड."

पण मला काही पटेना. गाडी तीच, रस्ता तोच. गॅस्केट फाटलं असतं तर मंगळवारीही कमी झालं असतं. आजच का? मी बाईक काढली आणि थेट पाडा गाठला.

लक्ष्मणचं घर टेकडीच्या उतारावर. जीप अंगणात, तोंड वर करून उभी होती. मागच्या चाकांना दगड लावले होते.

"रोज अशीच लावतोस?"

"नाय दादा. रोज तोंड खाली. बॅटरी कमजोर आहे ना, सकाळी उतारावर सोडली की चालू होते. काल शेजाऱ्यांनी लग्नाचा मांडव घातला, वळवायला जागाच नव्हती."

मी तिथेच दगडावर बसलो. चूक गॅस्केटची नव्हती, माझी होती. सपाट फरशीवर घाईत कूलंट भरलं, तेव्हा आत हवा अडकून राहिली होती. हवा नेहमी वर चढते. रोज तोंड खाली, मागची बाजू वर, म्हणून ती मागेच बसून राहायची; चढावर सरकली की काटा उडायचा. काल रात्री तोंड वर झालं आणि हवा हळूहळू सरकत रेडिएटरच्या झाकणाशी आली. तिची जागा कूलंटने घेतली, म्हणून लेव्हल उतरली. कूलंट कुठेही गेलं नव्हतं.

जीप तशीच ठेवून, झाकण उघडं ठेवून, तीन-चारदा सेल्फ मारून गार इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले. मी ओतत राहिलो.

लक्ष्मणची आई ओट्यावरून बघत होती. "काय निघतंय रे तिच्यातून?"

"हवा, मावशी. गॅरेजात सपाट ठेवून पाणी भरलं, तेव्हा पोटात अडकली."

"मग आडवी ठेवून कशी निघंल?" ती म्हणाली. "लेकराला दूध पाजलं की खांद्यावर उभं धरतात. तेव्हा ढेकर येतो. तुम्हाला शिकवलं नाय काय गॅरेजात?"

सोळा वर्षं हे काम करतोय. मान खाली घालून झाकण लावलं.

गुरुवारी दुपारी वापीहून लक्ष्मणचा फोन आला. काटा जागचा हलला नव्हता. मागून आईचा आवाज आला, "त्याला विचार, आता लेकरू उभं धरतो का?"

धरतो. गॅरेजमध्ये आता लाकडाचे दोन उतरते ठोकळे आहेत. पुढची चाकं त्यांवर चढवल्याशिवाय मी कूलंटचा डबा उघडत नाही. शेठ त्या ठोकळ्यांना 'मावशीचा खांदा' म्हणतात.