लाल टोकांचा दोर

चहात साखर कमी पडली की कप खाली ठेवून ते म्हणायचे, "जैसे थे!" परेडच्या मैदानावरचा हा हुकूम. म्हणजे चुकलं, परत पहिल्यापासून करा. बायको तो कप उचलून स्वतःच पिऊन टाकायची आणि म्हणायची, "हे काय तुमचं मैदान हाय का?"

पूर्णा गावातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना हवालदार म्हणत. खरं तर ते रेल्वेत फिटर. पण नोकरी सांभाळून वर्षातून एकदा वर्दी चढवायची, अशा राखीव फौजेत त्यांचं नाव होतं. महिनाभर कॅम्पला जायचे आणि काळे ठिक्कर पडून परतायचे. मग आठवडाभर वर्दी रस्त्याकडच्या दोरीवर वाळत असायची. एक वर्दी वाळायला इतके दिवस लागतात का, ते तुम्हीच ठरवा.

परतल्यावर पहिल्याच रविवारी अख्ख्या गल्लीला नदीवर नेलं जायचं. कॅम्पात शिकलेलं आमच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. जाड दोराचं एक टोक लिंबाच्या बुंध्याला, दुसरं त्यांच्या कमरेला, मधे धरणारे आम्ही. दोराचा पीळ सुटू नये म्हणून दोन्ही टोकांना त्यांनी लाल सूत गच्च गुंडाळलं होतं. "ओढू नका, धरा! जैसे थे!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आम्ही कुरकुरत धरायचो. पण एका पावसाळ्यात खालच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा हेच कुरकुरणारे न सांगता ओळीत उभे राहिले आणि वस्ती म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट काठावर आली.  त्या दिवशी ते नुसते मिशीत हसले.

एरवी तो दोर महादेवाच्या देवळात खुंटीवर असायचा. दुसऱ्या कामाला त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

पुढे वय झालं, कॅम्प सुटला. "आता कॅम्प न्हाई, तर आमाला कशाला पळवायलाव?" लोक तोंडावर म्हणू लागले. हळूहळू रविवारी नदीवर ते एकटेच दिसू लागले. त्यातच गल्लीतल्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला. मंडपाला दोर कमी पडला, म्हणून त्याच्या माणसांनी खुंटीवरचा नेला.

हवालदार रोज त्याच्या दारात. "दोर जागेवर पाहिजे."

"देतो की काका उद्या. दोर काय पळून जायलाय का?"

त्याचा उद्या काही उगवला नाही. नदीला मात्र पाणी आलं. खालच्या वस्तीत एक म्हातारी पत्र्यावर अडकली. हवालदार धावत देवळात गेले. खुंटी रिकामी होती. त्यांनी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही. घरची कपडे वाळत घालायची दोरी आणली, कमरेला बांधली, दुसरं टोक आमच्या हातात दिलं. "ओढू नका, धरा," एवढंच म्हणाले.

म्हातारीला त्यांनी काठापर्यंत आणलं, आमच्याकडे ढकललं. तेवढ्यात लोंढा आला. आम्ही नीट धरलं होतं हो, शिकवलं तसंच धरलं होतं. दोरी तुटली. ते दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या पुलाखाली सापडले.

शोकसभा पुढाऱ्यानंच घेतली. मोठा मंडप, मोठा फोटो, फोटोहून मोठा पुढारी. त्यांच्या शिस्तीचा वारसा गल्ली कसा चालवणार, हे तो गहिवरून सांगत होता आणि लोक माना हलवत होते. 

पुढे बसलेली त्यांची बायको मंडपाच्या खांबाकडे एकटक बघत होती. मीही बघितलं. खांबाला मारलेल्या गाठीतून दोराचं टोक लोंबत होतं. त्याला लाल सूत गुंडाळलेलं होतं.

ती उठली. भाषण चालू असतानाच तिनं गाठ सोडली. मंडपाचा कोपरा धपकन पुढाऱ्याच्या डोक्यावर आला. आरडाओरडा झाला.

"वैनी, ओ वैनी, काय करायलाव?" कुणीतरी ओरडलं.

"दोर जागेवर ठिवायलेय," ती म्हणाली.

कोपर आणि पंजात दोराचे वेढे घेत, अगदी ते घ्यायचे तसे, ती देवळाकडे चालू लागली. तिच्यामागं कुणी गेलं नाही. सगळे मंडप सावरत होते.