कापसाची लढाई

ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १७८७. मी अंगणात पेरणीची सरकी शेणात चोळत होते. यंदा सगळ्या वावरात कापूसच लावायचा, असं मी ठरवलं होतं.

अकोल्याहून अमरावतीला निघालेला एक गाडीवान आमच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजायला थांबला. लढायांना तो स्वतःची नावं देई आणि प्रत्येक नावाला एक बोट मुडपी. शिपायांनी त्याचे बैल ओढून नेले, ती बैलांची लढाई. साता समुद्रापलीकडच्या ज्या लढाईनं आमच्या रुईला भाव आला, ती कापसाची.

“तिले अमेरिकेची लढाई म्हनतात, भाऊ,” मी म्हटलं.

“अमेरिकेची, पन कोनासंग, माय?”

उत्तरही त्यानंच दिलं.

“सोतासंगच! घरातल्या घरात.”

“मंग तिले लढाई कावून म्हनतात? तशी तर माही न् जाऊबाईची रोज होते.”

तो खदखदून हसला. “तुमची चालू राहू द्या. थे सरली, अकोल्याच्या बाजारात बोलून राहिले.”

माझे हात शेणातच थांबले. लढाई सरली, म्हणजे भावही उतरणार.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ध्या वावरापुरती ज्वारी पाखडली आणि उरलेली कोरडी सरकी म्हशीपुढे टाकली.