बघून घेतलेली गिरणी

शालूबाई म्हणजे माझी आत्या. कुरुंद्यात तेवीस वर्षं पिठाची गिरणी चालवते, आणि तेवढीच वर्षं कुणावर विश्वास न ठेवता जगते. दळणाचा डबा ती दोनदा तोलते, एकदा बाईसाठी आणि एकदा स्वतःसाठी. देवाला नारळ नेतानाही कानाशी हलवून बघते. मी तिचा सख्खा भाचा, इथल्या शाळेत शिक्षक. पण मी गिरणीत शिरलो की तिची नजर आधी गल्ल्याकडे जाते. मला याचा राग येतो, अजूनही येतो.

दिवाळीनंतर तिने नवी गिरणी बसवली आणि जुनी विकायला काढली. फोटो मीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वर धरणाकडच्या एका खेड्यातून सोनाजी नावाचा माणूस आला. हसून बोलायचा, म्हणूनच तो आत्याला खटकला.

"लई गोड बोलून राहिला," ती माझ्या कानात म्हणाली. "काहीतरी हाय याच्या पोटात."

सोनाजीने दोन पायल्या ज्वारी दळून बघितली. पीठ जिभेवर ठेवलं, पट्टा ओढून बघितला, मोटरीला कान लावला. मग पैसे दिले आणि गिरणी टेम्पोत चढवली. निघताना म्हणाला, "मावशी, गिरणीचं मला नवीनच हाय. अजून काही सांगायचं ऱ्हायलं का?"

"न्हाई. सगळं तुमच्या समोर हाय," आत्या म्हणाली.

बारा दिवसांनी त्याचा फोन आला. आत्या फोन नेहमी स्पीकरवर लावते, तिला साक्षीदार लागतो.

"बाई, पिठात कच हाय तुमच्या गिरणीच्या. गावात एक भाकर खायसारखी न्हाई. लोकं डबे माझ्या अंगावर फेकून राहिले. गिरणी वापस न्या, न्हाई तर बघून घेतो तुमाला."

मावशीची बाई झाली होती. आत्याने फोन ठेवला आणि निकाल दिला, "यानं दगड बदलले. माझे चांगले दगड विकून खाल्ले, हलके बसवले, आन आता माझ्या गळ्यात घालून राहिला." मलाही तसंच वाटलं. पोलिसांत अर्ज देऊ म्हणालो, तर म्हणाली, अर्जात आधी आपलंच नाव लिहावं लागतं.

मग रोज फोन सुरू झाले. हातपाय तोडण्याची भाषा झाली, तेव्हा आत्या घाबरली नाही. पण एक दिवस तो म्हणाला, "रविवारी दहा जणं घेऊन येतो. तुमच्या नव्या गिरणीपुढं बसतो, आन येनाऱ्या एकेका बाईला हे पीठ चाखवतो." तेव्हा तिने पहिल्यांदाच फोनचा स्पीकर बंद केला. गिरणीवालीच्या पिठाचं नाव गेलं की दळण दुसऱ्या गल्लीला जातं, आणि गेलेलं दळण परत येत नाही. त्या आठवड्यात गल्लीत मोटरसायकल वाजली की ती दारात येऊन नंबर बघायची. नेहमीच्या बायकांवरही तिचा संशय, यातली कोण तिकडे खबर देत असेल.

रविवारी तो आला. दहा नव्हे, तिघं होते. ओट्यावर सात-आठ बायका दळणाला बसलेल्या.

"बघून घेतो म्हनलं व्हतं ना?" सोनाजी म्हणाला.

आत्याने हाताचं पीठ झाडलं. "बघूनच तर घेतली की भाऊ तुमी. दळून बघितली, चाखून बघितली, मंग घेतली. आता अजून काय बघून घेता?"

बायका खो खो हसल्या. सोनाजीचा चेहरा पडला. त्याने पिठाची पिशवी ओट्यावर ठेवली.

"हसा. माझी माय आठ दिस झाले भाकर न चावता गिळून राहिली. बुधवारपस्तोर बघतो. मंग गिरणी हितं आणून टाकतो, आन जे व्हईल ते व्हईल."

ते गेले. मी भलताच खूश होतो, शाळेत चौघांना हा किस्सा सांगूनही झाला. आत्या मात्र त्या पिशवीतली चिमूट दाताखाली धरून कितीतरी वेळ उभी होती. संध्याकाळी तिने जेवणाचं ताट न खाताच बाजूला सरकवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

"दगड माझेच हायेत," ती म्हणाली. "यानं टाकी मारली."

दगडाच्या खाचा झिजल्या, पीठ जाड पडायला लागलं, की छिन्नीने त्या पुन्हा काढतात, ती टाकी. त्यानंतर पाच-सहा पायल्या भरड दळून बाजूला काढावी लागते, नाहीतर दगडाचा चुरा लोकांच्या पिठात उतरतो. सोनाजी टाकी मारून थेट लोकांचं दळण टाकत होता. कच आली की दगडच वाईट समजून परत टाकी मारत होता.

"हे तू त्याला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"लई गोड बोलत व्हता. म्हनलं, सगळं शिकून घेईल आन उद्या कुरुंद्यातच गिरणी टाकंल."

सिद्धेश्वरहून इथे येऊन तो कशाला गिरणी टाकेल? मला हसू आलं नाही. तिची लाज वाटली, आणि तिच्या जिवावर फुशारकी मारलेल्या माझीही.

मंगळवारी मोटरसायकलवर ज्वारीचं पोतं बांधून आम्ही गेलो. सोनाजीच्या दारात कुणी पाणी विचारलं नाही. रविवारी आलेले त्याचे ते दोघं सोबती समोर येऊन उभे राहिले. आत्याने पाळी, म्हणजे वरचा दगड, उचलायला लावली, खालच्या दगडावरून तळवा फिरवला.

"किती बार टाकी मारली?"

"चार."

तिने सहा पायल्या भरड काढली, आणि ती बाजूला ओतायला सांगितली. मग स्वच्छ ज्वारी टाकली. सोनाजी सगळं बघत होता.

"हे आदी काहून न्हाई सांगितलं?" तो म्हणाला. "निघताना इचारलं व्हतं मी."

"तुमच्यावर भरवसा नव्हता," आत्या म्हणाली.

तो पीठ घेऊन आत गेला. त्याच्या बायकोने भाकरी थापल्या. उंबऱ्याशी त्याची म्हातारी माय बसली होती. तिच्यासमोर ताट ठेवायच्या आधी सोनाजीने पहिली भाकर आत्यासमोर ठेवली. सोबत कालवण नाही, मीठसुद्धा नाही.

"आदी तुमी खा."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आत्याने घास मोडला. सगळे गप्प झाले, तिच्या दाताखाली काही वाजतं का ते ऐकायला. मीही कान दिला होता. ती सावकाश चावत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"आजून एक," म्हातारी म्हणाली.

आत्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा. अख्खी भाकर संपल्यावर सोनाजीने मायपुढे ताट सरकवलं.