सारसामागचा ठिपका

आमगावजवळच्या एका शाळेत मास्तर होतो तेव्हा मला पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलं होतं. त्या फोटोंची एक छोटी वेबसाइट मी स्वतःच बनवली होती आणि तिचा मला भलताच अभिमान होता. एकेक फोटो असा वजनदार, की तो उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. "नाकापेक्षा मोती जड," बायको म्हणायची. मी चिडायचो.

त्या वर्षीही शेजारच्या एका काकांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारसाच्या जोडीनं घरटं केलं. जोडी दरवर्षीचीच. कुत्र्यांपासून घरट्याची राखण करायची ती काकांची मुलगी. पण उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती दरेकसाकडे डोंगरात नांदायला गेली. पिल्लू निघालं, असं काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सांगून काय होते? मले पाहाचं हाय."

व्हॉट्सअॅप आमच्याकडे अजून पोचलं नव्हतं. काका माझ्या दारात आले. "गुर्जी, तुमच्या त्या साइटवर टाका. जावयाच्या फोनवर दिसते म्हणते."

फोटो मी झकास काढला होता. नर, मादी आणि मधे तांबूस पिल्लू. फक्त मागे बांधावर डोक्याला गमछा बांधलेले काका ठिपक्याएवढे आले होते, ते मला खुपत होतं. तरी तसाच टाकला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. ती स्टेशनच्या फलाटावर जाऊन पाहायची, कारण इंटरनेट तिथेच चालायचं. पण फोटोतलं वरचं आभाळ तेवढं उघडायचं आणि खालचं सगळं अडून बसायचं. "गुर्जीले सांग, आभाळ आमच्याइकडं बी हाय."

मला राग आला आणि हसूही आलं. मग मी फोटोचा दर्जा उतरवून तो हलका केला. हलका झाला, पण सारसाच्या लाल मानेचे चौकोनी तुकडे पडले. काकांनी पडद्याकडे पाहून निकाल दिला, "हा सारस नोहे जी."

आता कडाच कापाव्यात, असं मी ठरवलं. वजन उतरेल आणि मागचा ठिपकाही जाईल, एका दगडात दोन पक्षी. काका म्हणाले, "कापू नोका. धान कसा हाय तेबी दिसू द्या तिले." मी कपाळाला हात लावला.

फोटो साठवायच्या वेबपी नावाच्या नव्या प्रकाराबद्दल कुठेतरी वाचलं होतं. एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला आणि मूळ फोटो त्यातून काढला. वजन कितीतरी उतरलं, तरी मान लालच्या लाल. माझ्या जुन्या ब्राउझरला तो प्रकार कळेना, तो रिकामी चौकट दाखवायचा. नवा ब्राउझर टाकला आणि सारस दिसले. मी इतका खूश झालो की बायकोला हाक मारून तोच फोटो दोनदा दाखवला, मग साइटवर टाकला.

संध्याकाळी काका आणि मी बांधावर उभे असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. मुलगीच होती; जावयाचा फोन नवा, त्यात फोटो उघडला होता. पिल्लू मायवर गेलं, घरटं औंदा मोठं केलं, असं ती भराभर बोलत होती. मग एकदम थांबली.

"बाबा, मांगं धुऱ्यावर तूच हायेस ना? बोटानं मोठा करून पाह्यला. एवढा वाळला काऊन गा?"

काका हसले. "गुर्जीनं फोटोचं वजन उतरवलं, बाई. मी जसाच्या तसा हावो." तो ठिपका कापला नाही म्हणून मला फार बरं वाटलं.

त्यानंतर दर आठवड्याला एक हलका फोटो साइटवर जाऊ लागला. मी कॅमेरा काढला की काका सारसांकडे बघायचेदेखील नाहीत. गमछा नीट करायचे आणि छाती फुगवून बांधावर उभे राहायचे.