पितळी टोपीचं रॉकेट

मी फिटर माणूस. हातात आलेली वस्तू जरा डुगडुगली की माझं डोकं फिरतं. घरातल्या खुर्च्या, दाराच्या कड्या, कढईचे कान, सगळं मी एकदा तरी ठोकूनठाकून घट्ट केलेलं आहे. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही मोडलं की ते माझ्याकडेच येतं, आणि मीही चार शब्द सुनावून दुरुस्त करून देतो. तेव्हा आमच्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी पुठ्ठ्याचं रॉकेट करायला घेतल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मुलगी पाचवीत होती, अंबरनाथच्या मराठी शाळेत. माझा कारखानाही तिकडेच. शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी निवड होणार होती. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत थोडं पाणी घालायचं, तोंडाला रबरी बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. मग बाटली उलटी उभी करून पंपाने हवा भरत राहायचं. दाब वाढला की बूच सुटतं, पाणी खाली आणि बाटली वर. बाईंनी प्रत्येक गटाला दोन संधी दिल्या होत्या. त्यातल्या एकीत तरी रॉकेट शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून गेलं पाहिजे. गेलं तर ठाण्याच्या प्रदर्शनाला जायचं, नाहीतर विषय संपला. मुलीला ठाण्याला जायचंच होतं. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं तिला. आमटीत बोट बुडवून ताटात रॉकेटं काढायची आणि आईचा ओरडा खायची.

तिघींनी जुन्या फायलीच्या पुठ्ठ्याचे पंख कापले, चिकटपट्टीने बाटलीला लावले, टोकाला कागदाची टोपी आणि तिच्यात खेळायच्या मातीचा एक गोळा. मी एक पंख बोटाने दाबला तर तो वाकला. "हे रॉकेट आहे की राखी?" असं म्हणून मी कामालाच लागलो.

चार दिवस ड्युटीवरून आलो की चहा घ्यायचा आणि कानस हातात. दुसऱ्या बाटलीला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे पंख केले, कडा घासून गुळगुळीत केल्या, पट्टा करून नटबोल्टने आवळले. ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेची टोपी काढून आणली. बायकोने ती चिंच लावून लखलखीत घासली. वर उभं राहिलं तरी तुटणार नाही असं काम. मुलीने ते दोन्ही हातांनी उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, मस्त झालंय पप्पा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या डिपार्टमेंटला सांगून टाकलं, आणि शनिवारी चार दोस्त शाळेच्या मैदानावर हजर.

पहिल्यांदा माझं रॉकेट. मुलीने स्टीलच्या पेल्याने मोजून पाणी घातलं. पंप अर्थातच मी मारला, दुसऱ्या कुणाला देतोय! बूच सुटलं, पाण्याचा फवारा उडाला, आणि रॉकेट पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत कसंबसं चढलं, आडवं झालं आणि धप्पकन मातीत रुतलं. दोस्तांपैकी एकाने विचारलं, हे उडवायला आणलंय की नारळ फोडायला? चौघंही पोट धरून हसले. मी भर मैदानात मुलीवर ओरडलो, पाणी किती घातलंस म्हणून.

ती शांतपणे म्हणाली, "माझंच चुकलं पप्पा. पाणी जास्त झालं."

तिची मैत्रीण काहीतरी बोलायला गेली, तर हिने तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं. मी मात्र दोस्तांकडे वळून मोठ्याने सांगितलं, बघा, पाण्याची चूक आहे, माल एक नंबर आहे.

मग तिने पिशवीतून पुठ्ठ्याचं रॉकेट काढलं. मला वाटत होतं ते केव्हाच कचऱ्यात गेलं. एकच संधी उरलेली आणि तिच्यात ही राखी उडवायची? तिने पाणी घातलं, पंप मैत्रिणीच्या हातात दिला आणि स्वतः गुडघ्यावर बसून बाटली सरळ आहे का ते बघत राहिली. घाई नाही, गडबड नाही. आमच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेली माणसंही कामाकडे अशी बघत नाहीत.

काय गेलं ते रॉकेट! सुंऽऽ करून टाकीच्या वर, टाकीवरच्या कावळ्यांच्याही वर. बाई भिजल्या आणि तशाच टाळ्या वाजवत राहिल्या. तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझे दोस्त शिट्ट्या मारत होते आणि मी वेड्यासारखा ओरडत होतो, पठ्ठी माझी!

ओरडता ओरडता माझी नजर पेल्यावर गेली. माप म्हणजे माझी रोजीरोटी, त्यात मी फसत नाही. दोन्ही वेळेला तिने तेवढेच पेले घातले होते. थेंबाचा फरक नव्हता.

घरी जाताना रिक्षात विचारलं. तर म्हणाली, दोन दिवस आधीच तिने दोन्ही रॉकेटं आमच्या बिल्डिंगखालच्या सिंधी शेटच्या दुकानात काट्यावर तोलली होती. माझं पुठ्ठ्याच्या रॉकेटच्या चौपट भरलं. ते टाकीवरून जाणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. मग हातातली एक संधी वाया का घालवलीस, मी विचारलं.

"न उडवता ठेवलं असतं तर तुम्ही मला जन्मभर ऐकवलं असतं."

खोटं कसं म्हणू? ऐकवलंच असतं. मग विचारलं, "आणि पाणी जास्त झालं म्हणालीस ते?"

ती रिक्षाच्या बाहेर बघत होती. "ते तुम्हाला हसत होते, पप्पा. मला हसले तर चालतं."

मला स्वतःची लाज वाटली आणि तिचं कौतुकही वाटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर तो नीट ठेवता आला नाही. शेवटी काही नाही तर रिक्षावाल्यावरच खेकसलो, अरे बाबा, जरा हळू चालव, पोरगी बसली आहे.