पालकाने दिलेलं उत्तर

सोनईच्या एस.टी. स्टँडवर माझी ट्रंक इंदूनं आणली, डोक्यावर. मी बावीस वर्षांचा धडधाकट गडी. नव्या पँटची इस्त्री मोडू नये म्हणून हात हलवत पुढं चाललो होतो आणि माझी शाळकरी बहीण मागून ओझं घेऊन येत होती. पुण्याला मुलींच्या एका कला महाविद्यालयात मला कारकुनाची नोकरी लागली होती. साल एकोणीसशे सत्तर. आई पदरानं डोळे पुसत एकच सांगत होती, "कुनी इचारलं तर सोनईचा हाय म्हनून सांग. लाजू नगं." इंदूनं ट्रंक खाली ठेवली, मानेला हात लावला आणि म्हणाली, "भाऊ, पोरींचंच कालेज हाय न्हवं? मग माजा फारम तूच आन."

आण्णा, आमचे वडील, हसले. "त्याला आदी बूड टेकू दे की तितं!"

गाडी घोडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ती हात हलवत होती. हे चित्र मला पन्नास वर्षं सुखानं आठवत होतं. आता आठवलं की शिसारी येते. तिची नव्हे, त्या इस्त्रीच्या पँटची.

माझ्या भाच्या-पुतण्यांनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून पुण्याला आलेल्या सोयऱ्यांनो, इंदूचं कॉलेज का हुकलं याची एक गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. ती मुलाखतीत घाबरली, तिला बोलता आलं नाही, असं. ही गोष्ट मी रचली. खरं काय झालं ते आता लिहितो.

कॉलेजच्या कार्यालयाला एक मोठी खिडकी होती. तिच्यातून मला एक असं जग दिसायचं जे सोनईत कुणी पाहिलं नव्हतं. मुली सायकली भिंतीला टेकवून हिरवळीवर गोल करून बसायच्या, एकमेकींच्या वह्या उतरवायच्या, प्राध्यापकांच्या नकला करायच्या. स्नेहसंमेलन जवळ आलं की खोट्या मिशा लावून व्हरांड्यात पुरुषी आवाजात संवाद घोकायच्या. वसतिगृहातल्या मुली रविवारी न्हाऊन गच्चीत केस वाळवत पुस्तकं वाचत बसत. मला वाटायचं, इंदू इथं शोभेल. हेही खरं आहे, आणि त्यामुळेच पुढचं जास्त घाण आहे.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की खेड्यातल्या मुली बापामागे उभ्या राहून खिडकीशी यायच्या. "आमी नेवाशावरनं आलोय" असं कुणी म्हटलं की मागच्या टेबलावरून हसू यायचं. फॉर्म घेऊन मुलगी वळली की तिची नक्कल व्हायची. सगळ्यात हुबेहूब नक्कल मीच करायचो. मला ती भाषा शिकावी लागली नव्हती ना! दोन वर्षांत मी माझं 'हाय' आणि 'न्हाई' घासून काढलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडी आलं की मला हसू फुटायचं. लाजू नगं म्हणाली होती आई.

वसतिगृहाच्या जागा थोड्या. त्यासाठी प्राचार्या बाई प्रत्येक मुलीची पालकासमोर मुलाखत घेत. शेवटचा प्रश्न ठरलेला असे, आणि तो मुलीला नव्हे, पालकाला असे. "लग्न ठरलं आहे का?" ठरलं असेल तर जागा नाही. अशा मुली दिवाळीनंतर निघून जातात, खाट रिकामी राहते, असा त्यामागचा हिशेब. मुलाखतीच्या रजिस्टरात त्या उत्तराचा रकाना लाल शाईनं मीच आखला होता. मुलीला विचारायची पद्धत नव्हती, कारण मुलीला ठाऊक असेलच असं नाही. बाईंनाही हे कळत होतं. कुणालाही त्यात काही वंगाळ वाटत नव्हतं.

बहात्तरच्या मे महिन्यात मी फॉर्म घेऊन घरी गेलो. इंदू अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, चांगल्या गुणांनी पास झाली होती. त्याच आठवड्यात नेवाशाकडून एक स्थळ आलं. साटंलोटं. त्यांची शांता मला, आमची इंदू त्यांच्या मुलाला, दोन्ही लग्नं एका मांडवात. त्यांची अट सरळ होती: पोरगी द्याल तर पोरगी देऊ. शांताला मी पाहिलं होतं आणि माझ्या डोक्यातून ती जात नव्हती.

आण्णांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बांधावर मला म्हणाले, "इंदीला शिकायचंय, शिकू दे. सोयरीक मोडली तर मोडली. तुला दुसरी बघू, पोरींचा काय दुकाळ पडलाय व्हय?"

मी हो म्हणालो. मुलाखतीला आण्णाच यायचे होते. मीच म्हणालो, "तुम्ही कशाला दगदग करता, मी आहे की तिथं." फॉर्मवर पालक म्हणून सही माझी होती.

मुलाखतीच्या खोलीत मी एरवी फाइल घेऊन उभा असायचो. त्या दिवशी पालकाच्या खुर्चीत बसलो. बाई इंदूला म्हणाल्या, "शिकून काय करणार?"

इंदू म्हणाली, "आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट हाय. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात आसती. मला मास्तरीन व्हऊन ते कपाट उगडं ठिवायचंय."

बाई मोठ्यानं हसल्या. थट्टेनं नव्हे, खूश होऊन. शेजारच्या प्राध्यापिकाही हसल्या. तिला जागा मिळाल्यासारखीच होती. ते हसू मला पुरेपूर ओळखू येत होतं. मग बाई माझ्याकडे वळल्या. "लग्न ठरलं आहे का?"

"हो," मी म्हणालो. "दिवाळीनंतर."

बाईंची पेन्सिल थांबली. "मग कशाला आणलंत हो तिला?"

"तिची हौस," मी म्हणालो.

इंदूनं माझ्याकडे पाहिलं. 'न्हाई' हा एक शब्द तिच्याकडे होता. तो तिनं उच्चारला नाही, कारण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. आमच्याकडे पोरीचं लग्न असंच ठरायचं. ते आधी घरात ठरे आणि पोरीला शेवटी कळे.

बाहेर व्हरांड्यात तिनं विचारलं, "कवा ठरलं?"

"आण्णांनी ठरवलंय. तुला सांगायचं राहिलं."

"मंग मला हितवर कशाला आनलं त्यांनी?"

मी परतीच्या गाडीची वेळ सांगितली. तिनं नळावर तोंड धुतलं. गाडीला वेळ होता, तर म्हणाली, लायब्ररी दाखव. काचेच्या दारापाशी ती उभी राहिली. आत चल म्हटलं तर आली नाही.

घरी गेल्यावर मी आण्णांना म्हणालो, "घाबरली ती. बोलताच आलं नाही." आण्णा खाली बघत म्हणाले, "माजी चूक. मीच जायला पायजे हुतं." आठवड्यानं त्यांनी साट्यालोट्याला होकार कळवला. शिकायचं तर राहिलंच, निदान दोघांचं मार्गी लागेल, असं त्यांना वाटलं असावं.

आता यातली खरी किळसवाणी गोष्ट समजून घ्या. माझं खोटं कधीही उघडं पडू शकत होतं. इंदूनं आण्णांना एवढंच विचारायचं होतं: माझं लग्न कधी ठरवलंत? पण आमच्यात मुलगी बापाशी स्वतःच्या लग्नाचं बोलत नसे. आणि पोरीचं दुखणं उकरू नये म्हणून बाप मुलाखतीचं नाव काढत नसे. दोघंही मर्यादेनं वागत होते. त्यांच्या मर्यादेच्या आडोशाला मी लपलो. 'बोलताच आलं नाही' हे गावभर झालं तेव्हा इंदूला वाटलं, आण्णा स्वतःची लबाडी झाकतायत.

माहेरी आली की ती आण्णांचं ताट वाढायची आणि आत निघून जायची. आण्णा आजारी पडले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "इंदी माज्यावर का रुसली रं?" मी म्हणालो, "तिचा स्वभावच तसा." मरणाऱ्या माणसाला मी हे उत्तर दिलं.

मी पुण्यातच राहिलो. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी कुणीतरी भाषणात म्हणालं, गावाकडच्या मुलींना यांचा मोठा आधार होता. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि मान लववून हसलो. घरी आल्यावर शांतानं ती शाल कपाटात ठेवली. तिलाही मी कधी सांगितलं नाही. ती वारली, तोवरही सांगितलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात इंदूकडे गेलो होतो. तिची नात गौरी पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म मोबाईलवर भरत होती आणि मी चहा पीत तिला शहाणपण शिकवत होतो. इंदू ओट्यावर मेथी निवडत होती. एकाएकी मुलाला, गौरीच्या बापाला, म्हणाली, "आदी खरं सांग, हिचं कुटं ठरिवलंय का? ठरिवलं आसंल तर नेऊ नगं. माज्या बापानं मला फिरवून आनलं, तसं करू नगं."

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर.

इंदूचे हात थांबले. "म्हंजी आण्णांना ठावंच नव्हतं?"

"नाही."

"शेवटाला त्यांनी सांगावा धाडला हुता. शेंगा काडायच्यात म्हनून मी गेले न्हाई." तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "आन मी तितं न्हाई म्हनले आसते तर?"

"तर जागा मिळाली असती."

गौरीनं मोबाईल उचलला. "आणि मामाआजोबा, तुम्ही मला फॉर्म शिकवताय?" असं म्हणून ती आत गेली.

इंदू रडली नाही, ओरडली नाही. उरलेली मेथी निवडून झाल्यावर म्हणाली, "हे समदं लिहून काड. आन हितं येऊन वाच. पोरं, सुना, समदी आसतील. मोट्यानं वाच. मी तवा गप बसले. आता तू गप बसायचं न्हाई."

तेच हे लिहिलं आहे. पुण्यात माझा फ्लॅट आहे, आणि सोनईला निघालो की आजवर मी घरी चाललो असं म्हणत आलो. तिथं माझं काय आहे? आण्णांचा फोटो आहे, त्याच्याकडे बघवत नाही. घर म्हणावं अशी एकच जागा उरली आहे, इंदूच्या ओट्याची ती कड. पुढच्या रविवारी हे कागद घेऊन तिथं जाईन. ती बस म्हणेल की नाही, ठाऊक नाही. नाही म्हणाली तर उभ्यानं वाचीन.